फितुराची जागा

माझ्या प्रत्येक कादंबरीत एक फितूर आहे. प्रेमी जोडपं पळून जायच्या बेतात असतं, घोड्यावर खोगीर चढलेलं असतं किंवा नाव काठाला लागलेली असते, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी गढीवर जाऊन सांगतो. तसं झालं नाही तर दोघं सुखाने पळून जातात आणि पुस्तक निम्म्यातच संपतं. वाचक मला नायिकांबद्दल विचारायचे. मला खरी अडचण या माणसाची व्हायची. म्हणून मी त्याची जागा रिकामी ठेवत असे. आधी प्रेम लिहून काढायचं, मग लढाई, मग विरह, आणि फितुराचं नाव यायचं तिथे नुसती एक रेघ ओढायची. सगळं लिहून झालं की शेवटी त्या रेघेवर कुणालातरी बसवायचं. कधी कारभारी, कधी दासी, कधी वैदू. कोण बसणार हे बरेचदा त्या दिवसांत मला कोण भेटलं यावर ठरायचं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो आहे, आणि सांगताना माझाच गोंधळ उडतो आहे. जे कबूल करायला मी बसलो ते खरंच घडलं होतं का, हेच मला आता ठामपणे सांगता येत नाही.

नोकरीने मी मोजणीदार होतो. साखळी आणि नकाशे घेऊन गोंडपिपरीपासून सिरोंच्यापर्यंत गावोगाव शेतांच्या हद्दी मोजत फिरायचो. लिहायचो सुटीच्या सकाळी. ऑफिसातून बाद झालेली नकाशाची फळी मांडीवर घ्यायची, भिंतीला पाठ टेकायची आणि बायको स्वयंपाकाला लागली की सुरुवात करायची. ती समोर असल्याशिवाय मला नायक-नायिकेचं बोलणं लिहिता येत नसे. ती उठून गेली की दोघंही गप्प होत. लिहिलेलं प्रकरण तिला वाचून दाखवायचो. ती लाखोळीची डाळ निवडत ऐकायची आणि बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारायची.

"ते सगळं ठीक हाये. पण तुमची राजकन्या सकाळपासून उपाशी हाये, तिले काई खाऊ घालान का नाई?"

मग मी राजकन्येला आंबील प्यायला लावायचो. पुढे नागपूरच्या एका परीक्षणात 'लेखकाला स्थानिक खाद्यजीवनाची सूक्ष्म जाण आहे' असं छापून आलं. ते वाचून ती इतकी हसली की हातातल्या सुपातली डाळ सांडली. ती आता नाही. असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता. तिला विचारलं असतं आणि तिने सांगितलं असतं.

माझी दुसरी सवय नावांची. माणसं मी रचायचो, गावं मात्र खरी घ्यायचो. नकाशे हाताखालीच होते. शिवाय पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशकाने मला समजावलं होतं की इकडच्या वाचकाला आपलं गाव छापलेलं दिसलं की तो पुस्तक सोडत नाही. ते खरं निघालं. खोट्या माणसाला खरा पत्ता दिला की काय होतं, याचा विचार ना त्याने केला ना मी.

जिच्यामुळे माझं थोडंफार नाव झालं ती कादंबरी मार्कंड्याच्या खालच्या अंगाच्या एका घाटावर घडते. चांद्याच्या गोंड राजांचा काळ. गढीच्या जमीनदाराची मुलगी आणि देवळाच्या कामावर आलेला एक पाथरवट. दोघं वैनगंगा ओलांडून निघून जायचं ठरवतात. नावाडी गढीकडून मोहरा घेतो आणि भर पाण्यात नाव माघारी फिरवतो. मुलगी उडी टाकते.

नावाडी त्या रेघेवर कसा बसला, हे मला आजवर लख्ख आठवत होतं. पलीकडच्या गावात मोजणी होती. भर दुपारी मी घाटावर पोचलो तर नाव पलीकडच्या काठाला आणि नावाडी झाडाखाली झोपलेला. हाका मारून घसा बसला. तो निवांत उठला, निवांत तोंड धुतलं, निवांत आला. माझी मोजणी बुडाली, वरिष्ठांची बोलणी खावी लागली. घरी आलो आणि त्या रागात रेघ खोडून नावाड्याला बसवलं. बायको म्हणाली, "एवढ्या गरीब माणसाले काऊन बसवता?" मी म्हणालो, "बसू दे." इतकी किरकोळ गोष्ट होती ती.

कादंबरी किती जणांनी वाचली असेल कोण जाणे. पण वडशाच्या एका नाटक कंपनीने तिच्यावर नाटक बसवलं, आणि झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत, धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात, तीन बाजूंनी माणसं बसलेली. नावाड्याचं काम करणारा नट फार तयारीचा होता. मोहरांची थैली तो कानाशी धरून खुळखुळवायचा, लोकांकडे बघून डोळा मारायचा आणि पुन्हा खुळखुळवायचा. मांडव ओरडून उठायचा. मी पुढच्या रांगेत बसून ते पाहिलं आहे. मीही हसलो आहे.

गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या घरी एक माणूस आला. पन्नाशीचा असेल. हातातली पिशवी त्याने दाराशीच ठेवली. तिच्यात सुकवलेले झिंगे होते, घरभर वास सुटला. खुर्चीच्या कडेवर बसला.

"तुमीच का जी ते कादंबरीवाले?"

"हो."

"मी त्या घाटावरचा. नावाड्याच्या घरचा."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "कोणत्या नावाड्याच्या?"

"तुमच्याच," तो म्हणाला.

मग त्याने शांतपणे सांगितलं. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"बाजारात आमच्या घरचं कोणी दिसलं का पोट्टे खिशातली चिल्लर वाजवतेत. माह्या बापाले वाजवली. माह्या लग्नाच्या वरातीत वाजवली, बँडवाला पण हासला. आता माही पोरगी चामोर्शीले कॉलेजात जाते, तिले वाजवून राह्यले. आता तुमीच सांगा भाऊ, समदे मोबाइलवर पैसे देतेत, चिल्लर ठेवते कोण? पण तिच्यासाठी ठेवतेत."

मी पाणी आणायला उठलो आणि स्वयंपाकघरात नुसताच उभा राहिलो.

परत आलो तेव्हा त्याने मुद्द्याची गोष्ट काढली. गावच्या समितीने घाट सुधारायला घेतला होता. शिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याला येणारी माणसं इकडेही वळावीत म्हणून त्या मुलीच्या नावाने एक मोठा फलक लावणार होते. मजकूर माझ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावरून उतरवला होता. 'नावाड्याने मोहरा घेऊन दगा दिला' हे वाक्य त्यात होतं.

"पोट्ट्यायचं काय, आज वाजवतेत, उद्या विसरतेत," तो म्हणाला. "पण हे एकदा पत्र्यावर रंगवलं का मंग माह्या नातवायलेही वाजवतीन."

"अहो, ते सगळं खोटं आहे," मी म्हणालो. "मीच रचलेलं आहे. कुणी मुलगी नव्हती, कुणी नावाडी नव्हता."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. इतकं सोपं होतं तर मग इतकी वर्षं काय चाललं होतं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

"मंग तिथी येऊन सांगा," तो म्हणाला.

जत्रेच्या आधल्या आठवड्यात मी गेलो. गोंडपिपरीवरून आष्टीच्या पुलावर एसटी चढली तेव्हा खाली नदी वाळूतून पातळ होऊन चालली होती. काय बोलायचं ते मी मनात पक्कं केलं होतं. मोजणीतली चूक लक्षात आली की तसा अर्ज करून नकाशा दुरुस्त करता येतो. हेही तसंच होईल, असं मला वाटत होतं.

तो मला न्यायला थांब्यावर आला होता. घाटावर दोन लोखंडी खांबांवर निळा पत्रा चढलेला होता आणि पेंटर शेवटच्या ओळी भरत होता. समितीचे अध्यक्ष शाल-नारळ घेऊन तयार. मी उद्घाटनालाच आलो असं त्यांनी धरलं होतं. शाल अंगावर असतानाच मी सांगून टाकलं की ही गोष्ट माझ्या मनातली आहे, इतिहासात असं काही घडलेलं नाही.

अध्यक्ष हसले. "मोठे लेखक असंच म्हणतेत, भाऊ."

"मोठेपणाचा प्रश्न नाही. मी रचली आहे."

"कशी रचान तुमी? माहा आजा सांगे हे."

"त्यांनी नाटक पाहिलं असेल."

"तो माळकरी होता. नाटकाच्या मांडवाकडे थुकत पण नव्हता."

"मग दुसऱ्या कुणी पाहून त्यांना सांगितलं असेल."

"असन," अध्यक्ष म्हणाले, "पण पुस्तकाच्या आधी सांगे." आणि त्यांनी माझ्या हातात नारळ दिला.

पुस्तक कुठल्या साली निघालं आणि आजोबा कुठल्या साली गेले याचा हिशेब आम्ही तिथेच उभ्याने करायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. आजोबा मोठ्या पुराच्या आधी गेले एवढंच अध्यक्षांना ठाऊक होतं, आणि कोणता पूर मोठा यावर पेंटरचं मत वेगळं होतं.

मला घेऊन आलेला तो म्हणाला, "भाऊ, आधी घरी चला. चहा घ्या. माय हाये घरी."

घर घाटाच्या वरच होतं. अंगणात जाळी वाळत होती. त्याची आई ओसरीवर पाय पसरून बसलेली. माझ्याच वयाची, कदाचित थोडी मोठी. त्याने मोठ्याने सांगितलं, "माय, हे भाऊ म्हणतेत, ते नावाड्याचं समदं खोटं हाये. यायनंच लिवलं."

तिने कपाळावर हात आडवा धरून मला पाहिलं.

"हे त मोजणीवाले," ती म्हणाली.

मी चमकलो. "बाई, तुम्ही मला ओळखता?"

"लोखंडाची साखळी घेऊन आलते तुमी. इथीच बसून चहा पेले. गूळ जास्त झाला म्हणाले."

मला काही आठवेना. माझ्या आठवणीत ऊन होतं, हाका होत्या, पलीकडे झोपलेला माणूस होता. ओसरी नव्हती, चहा नव्हता, ही बाई तर मुळीच नव्हती.

"खोटं कसं म्हणता भाऊ तुमी?" ती पुढे म्हणाली. "मंग मी दरसाल दिवा कोणासाठी सोडते?"

मुलगा म्हणाला, "कोणता दिवा? शिवरात्रीच्या आधल्या दिवशीचा? तो त गंगामाईसाठी हाये नं?"

"तुले तसं सांगतलं," ती म्हणाली. "तो त्या पोरीसाठी हाये. आपल्याच नावेतून गेली ते. माही सासू सोडे, तिची सासू सोडे. पळसाच्या द्रोणात. या भाऊनं तवा ईचारलं, हे द्रोण काऊन करता बाई, म्हणून. मी नवी होती, सांगून देल्लं. सासू मंग दोन दिवस माह्यासंगं बोलली नाई. घरातलं बाहेर काऊन सांगतलं, म्हणे."

मुलाने हातातला कप खाली ठेवला.

मी त्याला सोडवायला आलो होतो. तुझ्या घराण्यावर माझ्या तोंडून खोटा आळ आला, तो मी परत घेतो, एवढंच मला म्हणायचं होतं. आणि इथे त्याची आई सांगत होती की आळ खोटा नव्हता, तो त्यांच्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या झाकून ठेवलेला होता आणि मी तो ओसरीवरून उचलून नेला. यातलं वाईट कोणतं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही. न घडलेलं पाप कुणाच्या माथी मारलं असेल तर माफी मागता येते. घडलेलं आणि लपवलेलं चव्हाट्यावर आणलं असेल तर मागायची कशाची?

आणि तिचं खरं असेल तर मग त्या झोपलेल्या नावाड्याचं काय? तो राग मला अजून आठवतो. की पुढे स्वतःलाच बरं वाटावं म्हणून, उचललेलं नव्हे तर मनातलं लिहिलं असं वाटावं म्हणून, मी तो नंतर तयार केला? फितुरांच्या जागा भरायची सवय असलेल्या माणसाला तेवढं अवघड नव्हतं.

मी तिला म्हणालो, "बाई, तुम्हाला नक्की आठवतं ना, हे नाटक यायच्या आधीचं आहे?"

"हो नं जी." मग जरा थांबून तिने मला पुन्हा नीट पाहिलं. "नाटकात तुमीच राजा झाले होते नं?"

"नाही. मी फक्त लिहिलं होतं. तेही पुस्तक, नाटक नाही."

"तुमच्यासारखाच होता तो. उंच." आणि ती गुणगुणायला लागली. सासू दिवा सोडताना हे गाणं म्हणायची, असं तिने सांगितलं. गाणं मी ओळखलं. ते नाटकातलं होतं. कंपनीच्या पेटीवाल्याने माझ्यासमोर, वडशाच्या खोलीत बसून त्याची चाल बांधली होती. चाल जमत नाही म्हणून त्याने दोनदा पान थुंकलं होतं, तेही मला आठवतं.

म्हणजे सासूच्या तोंडी ते गाणं नाटकाच्या आधी असणं शक्य नव्हतं. मग दिवा तरी आधीचा होता का? चहा? मी मुलाकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच बघत होता. त्या ओसरीवर तेव्हा आम्हा तिघांतलं कुणीच कशाचीही ग्वाही देण्याजोगं उरलं नव्हतं.

शेवटी त्यानेच विचारलं. मान खाली घालून विचारलं. "माय, मंग त्यानं मोहरा घेतल्या होत्या का?"

"कोणत्या मोहरा?"

"पैसे. गढीवाल्यायकडून."

"नावाड्याले मोहरा कोण देते बाबू?" ती म्हणाली, जणू त्याने काही खुळ्यासारखं विचारलं होतं. "पैशाची गोष्टच नाई ते."

मग त्या नावाड्याने नाव का फिरवली ते तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. एकदा या ओसरीवरून बाहेर गेलं असेल तर माझ्याचमुळे गेलं. या वेळी ते घरातच राहू दे. पैशासाठी नव्हतं, एवढं सांगायची परवानगी मी मायलेकांकडून घेतली आहे.

पण मोहरा म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात एक गोष्ट स्वच्छ उभी राहिली. त्या दिवसांत एका रात्री माझ्या बायकोची नाण्यांसारख्या पुतळ्यांची माळ तुटली होती. सोनं नव्हतंच, मुलामा होता. पुतळ्या घरंगळत पितळी परातीत पडल्या तेव्हा जो आवाज झाला तो ऐकून मी फळी ओढली आणि थैलीचा प्रसंग लिहिला. ती गुडघ्यांवर रांगत पुतळ्या शोधत होती आणि म्हणत होती, "लिवता काय, दिवा धरा इकडे." मी दिवा धरला नाही. लिहीत राहिलो. यात कुणाची आजी नाही, कुणाचं नाटक नाही. मोहरा माझ्या होत्या. आणि पोरं खिशात वाजवतात त्याही माझ्याच मोहरा.

मी त्याला तसं सांगितलं, आणि पलीकडच्या काठावर झोपलेल्या नावाड्याचंही. त्याने खाली ठेवलेला कप उचलून रिकामा केला. मग उठला.

घाटावर पेंटर बिडी ओढत बसला होता. अध्यक्ष ऐकायला तयार नव्हते. वाक्य पुस्तकातलं आहे, पुस्तक तुमचं आहे, आता बदलायचं म्हणजे काय, असं म्हणत होते. मी म्हणालो, पुस्तक माझं आहे म्हणूनच म्हणतो. पूर्ण ओळ काढा असं मी सुचवलं. तेव्हा नावाड्याचा मुलगा मधे पडला.

"नाई. ओळ राहू द्या," तो म्हणाला. "मोहरा घेऊन, तेवढंच काढा."

"तेवढंच काऊन?" अध्यक्षांनी विचारलं. "मंग दगा कशासाठी देल्ला ते लिवा."

"ते घरातलं हाये," तो म्हणाला.

पेंटरने निळा रंग घेऊन ते दोन शब्द झाकले. खालचा निळा वाळून गेला होता, वरचा ओला होता, त्यामुळे तिथे एक गडद चौकोन उठून दिसायला लागला. 'नावाड्याने', मग तो चौकोन, मग 'दगा दिला'.

"भोक पडल्यासारखं दिसून राह्यलं," पेंटर म्हणाला. "काई दुसरं टाकू का भाऊ? दोन शब्दायची जागा हाये." आणि ब्रश हातात धरून तो माझ्याकडे वळला. अध्यक्षही वळले. आयुष्यभर मी असल्या जागा भरत आलो. तोंडापर्यंत दोन-तीन शब्द आलेसुद्धा.

"राहू दे तशीच," मी म्हणालो.

परतीच्या एसटीला वेळ होता. थांब्यावर त्याने चहा सांगितला. पैसे द्यायला मी खिशात हात घातला आणि आत नाणी वाजली. हात तसाच आत राहिला, बाहेर काढता येईना. त्याने ऐकलं होतं.

"वाजू द्या जी," तो म्हणाला. "तुमाले त हक्कच हाये."

त्याने मोबाइल पुढे करून पैसे दिले. चहा पिताना मग त्याने विचारलं, "भाऊ, खरं सांगा. माहा बाप तिकडच्या काठावर झोपला होता का त्या दिवशी? माय म्हणते तो तुमाले झटकन घेऊन आला."

"आता नाही सांगता येत," मी म्हणालो. "इतकी वर्षं मला पक्कं वाटायचं."

एसटी वळणावर दिसायला लागली. त्याने माझी शाल आणि नारळ पिशवीत भरून दिला.

"झोपला असन," तो म्हणाला. "झोपे बाकी तो लय."